दंतवैद्यांचे फिरते पिंप

"तुमच्या हातून आजवर माणसाच्या तोंडापेक्षा मोठं काही दुरुस्त झालंय का?" बायकोने भाजी चिरता चिरता सहज विचारले, आणि दंतवैद्यांच्या ओठांपर्यंत गेलेला चहाचा कप तसाच बशीत परत आला.

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. गेली एकतीस वर्षे दंतवैद्यांनी लोकांच्या तोंडाखेरीज दुसऱ्या कशात हात घातला नव्हता. नळ गळायला लागला की नळवाला यायचा, दिवा गेला की वायरमन यायचा. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर तो बायको ठोकायची, कारण दंतवैद्य हातोडा घेऊन अर्धा तास नुसते बघत राहायचे, जणू आधी भिंतीला भूल द्यावी की काय.

त्या दिवशी विषय निघाला तो खड्ड्यावरून. घरामागे बायकोची बाग होती. टोमॅटो, घेवडा, कुंपणावर चढलेला भोपळ्याचा वेल, आणि कोपऱ्यात खताचा खड्डा. स्वयंपाकघरातली सालेदेठे त्या खड्ड्यात जायची, आणि गल्लीतले एक तपकिरी कुत्रे रोज पहाटे ती उकरून शेजारच्या व्हायोलिनवाल्या बाईंच्या पायरीवर नीट मांडून ठेवायचे. बाई तीनदा गोड शब्दांत बोलून गेल्या होत्या. चौथ्यांदा त्या अंड्यांची टरफले पाकिटात घालून परत द्यायला आल्या.

"खड्डा बुजवायचा," बायकोने जाहीर केले. "पुढच्या महिन्यात ताई आणि भाऊजी येतायत. भाऊजींनाच सांगते, एक फिरतं पिंप करून द्या. त्यात कचरा टाकायचा, वरचेवर गोल फिरवायचं, दोन महिन्यांत खत तयार. वास नाही, कुत्रं नाही."

"त्यांना कशाला त्रास? मी करतो की," दंतवैद्य म्हणाले. त्यावर तो प्रश्न आला.

भाऊजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दंतवैद्यांचे साडू. हा मनुष्य हातोडा हातात घेऊनच जन्माला आला असावा. घरातली कपाटे त्यांनी स्वतः केली, फाटक स्वतः केले, पंप स्वतः बसवला, आणि स्वतःच्या घरातले काम संपले की ते पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या घरी जायचे. गेल्या खेपेला इकडे आले तेव्हा, चहाला उकळी फुटेपर्यंत त्यांनी न्हाणीघराचे दार उतरवून, रंधा मारून परत बसवले होते. ते दार तेव्हापासून लोण्यासारखे फिरत होते, आणि दंतवैद्यांना रोज सकाळी अंघोळीला जाताना साडूभाऊंची आठवण होत होती.

"साडूभाऊ यायच्या आत पिंप बागेत फिरलं नाही," दंतवैद्य उठून उभे राहत म्हणाले, "तर दवाखान्यावरची पाटी उतरवून ठेवीन."

"पाटी उतरवायला तरी माणूस बोलवावा लागेल," बायको म्हणाली आणि घेवड्याकडे वळली.

पिंप मिळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी साबणाच्या कारखान्यातले एक सुपरवायझर दाढ दाखवायला आले. त्यांच्या तोंडात कापूस, नळी आणि दंतवैद्यांची तीन बोटे असताना बोलणे झाले.

"तुमच्याकडे मोठी पिंपं रिकामी होत असतील ना?"

"आँ."

"मग एखादं मला मिळेल?"

"आँ, आँ!"

"उद्याच पाठवाल?"

सुपरवायझरांनी दोन्ही हात हवेत उडवले. त्या क्षणी दाढेच्या मुळाला धक्का लागला होता, पण दंतवैद्यांनी तो उत्साह धरला. दाढेची ठणक थांबल्यावर त्या भल्या गृहस्थाने पिंप खरेच पाठवून दिले. निळे, प्लास्टिकचे, छातीइतके उंच.

पिंप रिकामे होते, म्हणजे ओतून येईल तेवढे आले होते. तळाला चार बोटे साबण घट्ट बसला होता. दंतवैद्यांनी ते एके पहाटे बागेत आडवे केले, नळी आत सोडली आणि नळ पूर्ण उघडला. पाच मिनिटांत पिंपाच्या तोंडातून फेस बाहेर आला. दहा मिनिटांत टोमॅटो दिसेनासे झाले. नळ बंद करायला जावे तर नळ फेसात कुठे गेला ते कळेना. फेस कुंपणाखालून पलीकडे गेला, फाटकाखालून गल्लीत उतरला, आणि रोजच्या वेळी खड्ड्याकडे निघालेले तपकिरी कुत्रे त्यात नाकापर्यंत शिरून, तीनदा शिंकून, उलट्या पावली पळाले.

कुंपणावरून व्हायोलिनवाल्या बाईंचे डोके वर आले.

"डॉक्टर, आज पायरीवर टरफलं नाहीत. ढग आलाय."

"जरा पिंप विसळतोय, बाई."

"पिंपच ना? मला वाटलं गल्ली धुताय."

पिंप पंधरा वेळा विसळावे लागले. संध्याकाळी बायको बागेत उभी राहून पानांवरचे बुडबुडे फोडत होती. "पानांवरची कीड तरी गेली," दंतवैद्य म्हणाले. बायकोने घरात जाताना मागचे दार धाडकन लावून घेतले, अजिबात लोण्यासारखे नाही.

हवेसाठी भोके पाडणे हा मात्र दंतवैद्यांचा प्रांत होता. त्यांनी पिंपावर पेन्सिलीने वरची रांग, खालची रांग, डावी, उजवी अशा खुणा करून प्रत्येक भोकाला दातासारखा नंबर दिला. ड्रिल थेट भिडवले नाही. जरा टेकवायचे, थांबायचे, भुगा फुंकायचा, पुन्हा टेकवायचे. चौसष्ट भोके पाडायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या बायकोने कान दिला, तर नवरा पिंपाशी हळू आवाजात बोलत होता, "झालं, झालं. एवढंच. आता अजिबात दुखणार नाही."

ती कप ठेवून परत गेली. आत जाऊन ताईला फोन करावा असे तिच्या मनात आले होते, पण तिने तो केला नाही. माणूस इतक्या मनापासून काही करतो आहे, तर करू दे.

पिंपाच्या मधून लोखंडी नळी आरपार घातली, तिच्या टोकाला दांडा बसवला, अंगाला करवतीने चौकोनी दार कापून बिजागरी लावली. आता पिंप ठेवायला लाकडी घोडी हवी. दंतवैद्यांनी चार पाय ठोकले. एक पाय लांब निघाला. तो कापला, तर दुसरा लांब झाला. दुसरा कापला, तर पहिल्याने पुन्हा डोके वर काढले. दातांच्या बाबतीत त्यांचा हात सहसा असा चुकत नसे. पण तोंडात वरचा दात खालच्या दाताला सांभाळून घेतो, इथे चारही पाय एकमेकांचे वैरी होते. संध्याकाळपर्यंत घोडी एकदम समतल झाली. फक्त आता ती इतकी बुटकी झाली होती की पिंप वर ठेवले तर जमिनीला घासत होते.

दुसरा कोणी असता तर सुताराकडे गेला असता. दंतवैद्य कुदळ घेऊन आले आणि पिंपाला फिरायला जागा व्हावी म्हणून त्यांनी घोडीखाली माती उकरायला सुरुवात केली.

बायको खिडकीत येऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, खड्डा बुजवायचा होता ना?"

"हा वेगळा खड्डा आहे," दंतवैद्य घाम पुसत म्हणाले. "हा तांत्रिक खड्डा आहे."

पहिली फेरी रविवारी झाली. आत साले, वाळका पाला, लाकडाचा भुसा आणि चार पाट्या माती भरली. दंतवैद्यांनी दांडा धरला, एक दीर्घ श्वास घेतला आणि फिरवला. पिंप फिरले! पुन्हा फिरवले. पुन्हा फिरले! आनंदाच्या भरात त्यांनी तिसरा हिसका असा काही दिला की दाराची इवलीशी कडी निसटली, दार उघडले, आणि आतला ऐवज कुंपणावरून उडून बाईंच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या पडद्यांवर जाऊन बसला.

बाई बाहेर आल्या. पडद्यांकडे बघितले. मग दंतवैद्यांकडे.

"धुऊन देतो," दंतवैद्य म्हणाले.

"साबण आहे का शिल्लक?" बाईंनी विचारले.

त्या दिवशी दंतवैद्यांनी दाराला एकाच्या जागी तीन कड्या बसवल्या, शिवाय वरून तार गुंडाळली. आता दार भूकंपातही उघडले नसते. त्याने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. भरलेले पिंप नळीवर फिरताना करकरू लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असा लांबलचक, काळीज चिरणारा आवाज सगळ्या गल्लीत जायचा. बाई आल्या, "डॉक्टर, माझ्या शिकवणीची पोरं बिथरतात." दंतवैद्यांनी सगळीकडे ग्रीस चोपडले. दोन दिवसांनी बाई पुन्हा आल्या. "आज तर कालच्यापेक्षा जास्त करकरतंय!"

"पण बाई, आज मी पिंपाला हात लावलेला नाही."

दोघांनी कान दिला. आवाज बाईंच्याच घरातून येत होता. आत त्यांची नवी विद्यार्थिनी सराव करत होती. बाईंचा चेहरा क्षणभर पडला, मग त्या म्हणाल्या, "ग्रीस उरलं असेल तर द्या जरा," आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत सलोखा झाला.

साडूभाऊ आणि ताई आले ते शुक्रवारी दुपारी. ताई थेट बहिणीच्या गळ्यात पडल्या. साडूभाऊ पिशवी खाली न ठेवता बागेत गेले आणि पिंपाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. दंतवैद्य परीक्षेच्या निकालाला उभे राहावे तसे उभे होते.

"घोडी बुटकी आहे," साडूभाऊ म्हणाले.

"हो."

"कड्या तीन कशाला?"

"त्याला कारण झालं होतं."

"भोकं बारीक आहेत. हवा खेळणार नाही. आणि आत पट्ट्या बसवल्यायत का? नुसतं पिंप फिरवून काय होतं, आतला माल उलथायला हवा."

"बसवल्यात. दोन. बोल्ट घालून."

"हं," साडूभाऊ म्हणाले. बस, एवढेच. पाच आठवडे, पंधरा विसळण्या, चौसष्ट भोके, आणि त्या सगळ्याचे माप एका 'हं'मध्ये मोजले गेले. रात्रीच्या जेवणात दंतवैद्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही.

साडूभाऊ मुळात वाईट नव्हते, पण ते हसायचे नाहीत. त्याचेही कारण होते, आणि ते दंतवैद्यांकडेच जात होते. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्यांनी त्यांना वरची कवळी करून दिली होती. ती डाव्या बाजूला टोचायची, आणि जरा मोठ्याने हसले की खाली यायची. दर भेटीत दंतवैद्य ती घासून द्यायचे, दर भेटीत ती दुसरीकडे टोचायची. म्हणून साडूभाऊ खायचे उजवीकडून, बोलायचे मोजून आणि हसायचे मनातल्या मनात.

"उद्या सकाळी काढून द्या," दंतवैद्य म्हणाले. "दवाखान्यात नेऊन नीट घासून आणतो. या वेळी काय वाटेल ते होवो, बसलीच पाहिजे."

शनिवारी सकाळी साडूभाऊंनी कवळी काढून दिली. दंतवैद्यांनी ती कागदी रुमालात गुंडाळून न्याहारीच्या टेबलावर ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. एका पेशंटची दाढ रात्रभर ठणकत होती, त्यामुळे बोलणे लांबले. परत येऊन पाहतात तो टेबल स्वच्छ पुसलेले.

"अगं, इथला कागद कुठंय?"

"कुठला कागद? चुरगळलेला? तो अंड्याच्या टरफलांबरोबर बादलीत गेला."

"आणि बादली?"

"पिंपात रिकामी केली. तुम्हीच सांगितलंय ना, कागद चालतो, कुजतो म्हणून."

दंतवैद्य खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा वरचा जबडा धरला, आणि काय झाले ते बायकोला न सांगताच कळले. तिने पदराचे टोक तोंडात घातले. त्याच वेळी मागच्या अंगणातून आवाज आला.

करर्र... खट्. करर्र... खट्.

दोघेही धावत बागेत गेले. साडूभाऊ बाह्या सरसावून पिंपाचा दांडा फिरवत होते.

"रिकाम्या थोंडानं बफून करू काय?" ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "म्हटलं थुम्हाला दाखवावं, पिंप कफं फिरवायचं अफतं. जोर लावायचा, जोर!"

करर्र... खट्.

"ऐकलंत? आत काहीथरी वाजथंय."

"नाही हो," दंतवैद्य म्हणाले.

"नाही कफं? पट्टी फुटलीय थुमची. बोल्ट ढिला आहे." त्यांनी कान पिंपाला लावला आणि सावकाश फिरवत राहिले. "वाजथंय कुठे थे आधी शोधलं पाहिजे. फावकाश फिरवून बघू."

"भाऊजी, उन्हं चढलीत, आत चला," बायको म्हणाली.

"थांब गं, धाकटे. काम अर्धं टाकायची फवय नाही मला."

साडूभाऊंनी मोजून ऐंशी फेऱ्या दिल्या, कधी इकडून, कधी तिकडून, कधी झटक्याने. प्रत्येक फेरीला त्यांचे स्वतःचे दात आतून त्यांना उत्तर देत होते. शेवटी साडूभाऊंनी कड्यांना हात घातला. "उघडून बघू."

"उघडायचं नाही!" दंतवैद्य इतक्या मोठ्याने ओरडले की स्वतःच दचकले. "म्हणजे... आतली ऊब जाईल. दुपारपर्यंत अजिबात उघडायचं नाही."

साडूभाऊंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा निराळ्या नजरेने पाहिले. आपल्या कामाबद्दल कोणी असे ठासून बोलले की त्यांना बरे वाटायचे. "बरं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जेवणात साडूभाऊंना सूप होते. ते पिऊन ते पुढच्या खोलीत आडवे झाले. ताई त्यांच्याशेजारच्या खुर्चीत मासिक वाचता वाचता पेंगल्या. "मी दाराशी बसते," बायको कुजबुजली. "तुम्ही जा. एक तास आहे तुमच्या हातात."

दंतवैद्यांनी दवाखान्यातला पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले, मुखपट्टी बांधली, खिशात चिमटा आणि तोंडात बघायचा तो लहान गोल आरसा टाकला. तार सोडायला पाच मिनिटे. तीन कड्यांना आणखी पाच. दार उघडले, आणि आतून भपकन वाफ बाहेर आली. दंतवैद्यांनी हात घातला. आतला माल चांगला गरम लागत होता. काळपट, मऊ, मातीचा वास येणारा. महिन्यापूर्वीची साले ओळखूसुद्धा येत नव्हती.

ते कवळी विसरले. खिडकीशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अगं ए! तापलंय! पिंप तापलंय! खत होतंय!"

"दात सापडले का?" बायकोने आतून विचारले.

"अजून नाही, पण तू हात लावून तर बघ!"

"अहो, जा ना!"

मग ते जमिनीवर चादर पसरून गुडघे टेकून बसले. लहान खोऱ्याने थोडे थोडे बाहेर काढायचे, बोटांनी चाळायचे, ढिगाला लावायचे. मधून मधून पिंपात डोके घालून आरसा फिरवायचा. कुंपणावर बाईंचे डोके आले.

"काय शोधताय, डॉक्टर?"

"दात."

"कुणाचे?"

"साडूभाऊंचे."

बाईंनी घराच्या खिडकीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "ते स्वतः कुठे आहेत?"

"झोपलेत. त्यांना कळायच्या आत सापडायला हवेत. खोरं जरा वाजतंय, नाही?"

"थांबा. मी व्हायोलिन घेते. चांगलं संथ काहीतरी वाजवते, म्हणजे खोऱ्याचा आवाज झाकला जाईल आणि त्यांना गाढ झोपही लागेल."

बाई स्वतः वाजवत तेव्हा फार गोड वाजवत. पहिलाच लांब स्वर हवेत तरंगला, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीतून साडूभाऊंचा झोपाळलेला आवाज आला, "डॉक्टर! पिंपाला वंगण घाला हो!"

व्हायोलिन मध्येच थांबले. बाईंनी गज खाली घेतला. "तुमच्या साडूंचे दात सापडले नाहीत तरी चालेल मला," त्या म्हणाल्या. पण खिडकीतून पुन्हा घोरणे ऐकू येऊ लागले तेव्हा त्या स्वतःच बाह्या सरसावून, भांडी घासायचे मोजे चढवून कुंपणाच्या फटीतून अलीकडे आल्या आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

कवळी बाईंनाच सापडली. भोपळ्याच्या एका जाड सालीत दात रोवून ती मुकाट बसली होती. दंतवैद्यांनी ती उन्हात धरली, उलटीसुलटी पाहिली. एक दातही हलला नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मग सगळे खत पुन्हा पिंपात भरले, तीनही कड्या लावल्या, तार गुंडाळली, आणि तसेच दवाखान्यात गेले.

तिथे त्यांनी कवळी सात वेळा धुतली, जंतुनाशक द्रवात दोन तास बुडवून ठेवली, पुन्हा धुतली. डावी बाजू टोचते म्हणून तिथे घासायला यंत्र लावले, आणि थबकले. भिंग घेऊन पाहिले. तिथला उंचवटा होता कुठे? त्यांनी दोन वर्षे जिथे जिथे हात चालवला होता तिथे तिथे ती पिंपातल्या भुशात आणि मातीत फिरून गारगोटीसारखी गुळगुळीत झाली होती. घासायला काही उरलेच नव्हते. त्यांनी यंत्र बंद केले.

संध्याकाळी घरी येताच बायकोने दारातच गाठले. "भाऊजींना सांगणार नाही ना?"

"सांगणार."

"वेडे आहात का? ताई काय म्हणेल? जन्मभर बोल लावतील!"

"लावू देत. दुसऱ्याच्या तोंडात काय घालतोय ते न सांगता मी आजवर काही घातलेलं नाही. आधी सांगणार, मग देणार. घालायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील. नको म्हणाले तर नवी करून देईन."

पण साडूभाऊंनी आधी सांगायला सवडच दिली नाही. अख्खा दिवस सुपावर काढलेला तो मनुष्य डबी पाहताच पुढे झाला, दंतवैद्य "साडूभाऊ, थांबा, आधी ऐका..." म्हणतात तोवर कवळी तोंडात गेलीसुद्धा.

साडूभाऊंनी जबडा मिटला. उघडला. डावीकडे हलवला. त्यांच्या कपाळावर आठी चढली, मग हळूहळू उतरली. त्यांनी ताटातला पावाचा कडक तुकडा उचलून डाव्या बाजूने चावला. मग एक आख्खे सफरचंद घेतले आणि त्याचा असा लचका तोडला की ताई "अहो!" म्हणून ओरडल्या.

"टोचत नाही," साडूभाऊ म्हणाले. "हलतसुद्धा नाही. डॉक्टर, केलंत काय?"

"तेच सांगायचंय. तुम्ही आधी..."

"दुपारी बाई व्हायोलिन वाजवत होत्या म्हणे, आणि मला झोपेत वाटलं पिंप करकरतंय!" आणि साडूभाऊ हसू लागले. दोन वर्षांचे साठलेले हसू होते ते. टेबलावर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि कवळी जागची हलली नाही. ताईंनी नवऱ्याकडे पाहिले आणि त्यांचेच डोळे भरून आले. "किती दिवसांनी हसताय हो!" त्या म्हणाल्या.

बायकोने टेबलाखालून दंतवैद्यांच्या पायावर पाय दिला. आता नका. आता तरी नका.

दंतवैद्यांनी पाय काढून घेतला. "साडूभाऊ," ते म्हणाले, "ती मी घासलेली नाही." आणि त्यांनी सगळे सांगितले. कागदी रुमाल, बादली, टरफले, ऐंशी फेऱ्या, खट् खट्, भोपळ्याची साल. निर्जंतुक कशी केली तेही सांगितले, दोनदा सांगितले. सांगून झाल्यावर ते हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना भीती वाटत होती, पण छातीवरचे ओझे उतरल्यासारखेही वाटत होते.

ताईंनी सफरचंदाची बशी हळूच दूर सरकवली. बायको जमिनीकडे बघत होती. साडूभाऊ निश्चल बसले होते, फक्त त्यांची जीभ आतून कवळीवरून फिरत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ओठ मिटलेले. भुवया जवळ आलेल्या.

मग ते उठले. पिशवीतून मोजपट्टी काढली, वही काढली, कानावर पेन्सिल अडकवली, आणि मागच्या दाराने बागेत गेले. दंतवैद्य जागेवरून हलले नाहीत. पिंप आता उखडून काढणार, असेच त्यांना वाटले.

खिडकीबाहेर मोजपट्टी सर्रकन उघडल्याचा आवाज आला. मग साडूभाऊंनी खिडकीतून डोके आत घातले. कवळी तोंडातच होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा काहीतरी नम्रपणा होता, "भोकं किती मिलिमीटरची?"

"सहा," दंतवैद्य कसेबसे म्हणाले.

"आणि भुसा? बारीक होता की जाड?"

"बारीक. शिवाय थोडी राख."

"राख. अस्सं." साडूभाऊंनी वहीत लिहून घेतले, पेन्सिल परत कानावर ठेवली आणि जरा घुटमळले. "तुमच्या ताईची खालची कवळी टोचतेय, दोन महिने झाले. तर म्हटलं, परत जायच्या आत..."

आतल्या खोलीत ताई ताडकन उठून उभ्या राहिल्या.